खोका नसेल तर परत नाही

दुकान तीन मजली होतं आणि तिसऱ्या मजल्यावर फक्त खेळणी. सरकत्या जिन्याने वर आलं की उजवीकडे गाड्या, डावीकडे बाहुल्या आणि मधोमध त्या वस्तू, ज्यांच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत 'शैक्षणिक' असं लिहिलेलं असतं आणि ज्या मुलांपेक्षा आईबापांनाच जास्त आवडतात. या सगळ्याच्या पार मागे, पाण्याच्या कूलरशेजारी, एक काउंटर होतं. तिथे आपला माणूस बसायचा. माल विकणं हे त्याचं काम नव्हतं, परत घेणं हे होतं. म्हणून अख्खं दुकान त्याला रिटर्नवाला म्हणायचं, आणि त्यालाही त्याचं काही वाटत नसे.

भेटवस्तू घेताना माणसं खुशीत असतात. रिटर्नवाल्याच्या वाट्याला ती नंतर यायची, चेहरा पाडून. एक गृहस्थ बोलता पृथ्वीगोल घेऊन आले होते. कुठल्याही देशावर बोट ठेवलं की तो त्या देशाची माहिती सांगायचा. पण त्यांच्या चिरंजीवांना असा शोध लागला की बोट पुन्हापुन्हा दाबलं की गोल फक्त पहिला शब्दच म्हणत राहतो. घरात जेवताना, झोपताना एकाच देशाचा जप सुरू होता आणि गृहस्थांच्या मनात त्या देशाविषयी कायमचा राग बसला होता. एका बाईंनी उड्या मारायची गोल जाळी परत आणली. जाळी दिवाणखान्यात बसली हो, त्या म्हणाल्या, पण मग आम्हाला बसायला जागा राहिली नाही.

रिटर्नवाला सगळ्यांचं ऐकून घ्यायचा. मग खोका उघडायचा, सगळे भाग जागेवर आहेत का, थर्माकोलचे साचे शाबूत आहेत का, भाग बांधायच्या प्लास्टिकच्या तारा आहेत का ते बघायचा. दुकानाचा नियम एकच आणि कडक होता. खोका नसेल तर माल परत नाही. रडा, भांडा, मॅनेजरबाईंना बोलवा, खोका नसेल तर नाही.

इतकी वर्षं हेच करून त्याचं एक मत तयार झालं होतं, आणि मत तयार झालेला माणूस जरा फुगतोच. चांगली भेट कोणती? जी परत येत नाही ती. नाताळ जवळ आला की दुकानातली पोरंपोरी त्याच्याकडे यायची. "भाच्यासाठी असं काहीतरी सांगा ना, जे तुमच्याकडे येणार नाही." मग हा चष्मा कपाळावर चढवून सांगायचा, "डोक्याला चालना देणारं घे. पण पोराला खुर्चीत चिकटवून ठेवणारं नको. एकाच जागी बसून शिकवणारी सगळी यंत्रं नव्या वर्षात माझ्याकडे असतात." आणि नुसतं धावायला लावणारं? "ते पावसाळी दिवशी परत येतं," असं तो म्हणायचा. त्याचा सल्ला पुष्कळदा बरोबर निघायचा. नाही निघाला तर लोक परत द्यायला त्याच्याकडेच यायचे, त्यामुळे त्याला ते लगेच कळायचंही.

आता या गृहस्थाने चाळिशी उलटल्यावर लग्न केलं. दोन गल्ल्या सोडून चष्म्याचं दुकान होतं, तिथे तो नवी फ्रेम घ्यायला गेला. काउंटरवरच्या बाईने काडी कानामागे नीट बसते का ते बघायला तीनदा फ्रेम काढली आणि तीनदा घातली. फ्रेम पहिल्यांदाच नीट बसली होती, हे त्याने तिला लग्नानंतर सांगितलं. तीही म्हणाली, मला माहीत होतं.

तिला एक मुलगी होती. आठ वर्षांची, बारीक, शिस्तीची. प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवायची, पेन्सिलींची टोकं एका बाजूला करायची, म्हणून आई तिला मुंगी म्हणायची. मुंगीचे वडील काही वर्षांपूर्वी दुसऱ्या गावी गेले होते. कामासाठी गेले असं आधी सगळ्यांना वाटलं, मग नुसतेच गेले हे कळलं. कधीमधी फोन यायचा.

दुसऱ्या मजल्यावरच्या मायलेकींच्या छोट्या घरात रिटर्नवाला आला तो आपल्या सामानाचे खोके घेऊन. कपड्यांची बॅग तेवढी त्याने उघडली. बाकीचे खोके दाराच्या आत, बोळात भिंतीला लावून ठेवले. "उघड की," बायको म्हणाली. "बघू सावकाश, उगाच तुमच्या घरात पसारा नको," तो म्हणाला. 'तुमच्या घरात' हे शब्द आपण उच्चारले हे त्याच्या ध्यानातही नव्हतं. आल्या आल्या जागा अडवू नये, दुसऱ्याच्या कपाटात हात घालू नये, एवढाच त्याचा भिडस्त विचार. बायको एकदोनदा म्हणाली, मग कामाच्या रगाड्यात तीही विसरली. खोके तिथेच राहिले आणि येताजाता सगळे त्यांना वळसा घालू लागले.

मुंगी त्याच्याशी नीट वागायची. फारच नीट. काका म्हणायची, 'थँक्यू' म्हणायची, तो खोलीत आला की पाय आवरून घ्यायची. शेजारच्या काकांशी वागावं तशी. कधी एकदा ही पोर आपल्यावर चिडेल, असं त्याला वाटायचं. घरच्या माणसावरच पोरं चिडतात, एवढं त्याला कळत होतं.

त्या दुकानात एक पद्धत होती. नाताळच्या आधी नवा माल आला की मॅनेजरबाई घरात मूल असलेल्या नोकरांना एकेक नमुना घरी द्यायच्या. मुलांना खेळू द्या, काय मोडतं, काय कळत नाही ते सांगा आणि खोक्यासकट परत आणा. इतकी वर्षं रिटर्नवाल्याला नमुना मिळाला नव्हता, कारण घरात मूल नव्हतं. त्याची ताई त्याला म्हणायची, "दुकानातला सगळ्यात जुना नमुना तूच, तुला कशाला हवा?" यंदा मात्र तो रांगेत पहिला उभा राहिला. बाईंसमोर "माझ्या घरी मुलगी आहे" हे वाक्य त्याने गरज नसताना दोनदा म्हटलं. बाईंनी ते एकदाच लिहून घेतलं.

मग काय, दर आठवड्याला काहीतरी घरी येऊ लागलं. हात लावला की सूर काढणारी चटई, चुंबकाचे तुकडे, छोटं सूक्ष्मदर्शक, स्वतःच उड्या मोजणारी दोरी. एकदा रबराच्या गोल, पायऱ्यांसारख्या चकत्या आल्या, जमिनीवर मांडून एकावरून दुसऱ्यावर उड्या मारायची. मुंगीने त्या मांडल्या आणि त्यांच्यावरून पाय उचलून, आवाज न करता चालत गेली. "अगं, उडी मार," तो म्हणाला. "खालच्या मजल्यावरचे आजोबा काठी आपटतात," मुंगी म्हणाली आणि पुढे चालू लागली.

ठरलेला दिवस आला की दोघं मिळून खोका भरायचे. हा कार्यक्रम रिटर्नवाल्याला सगळ्यात आवडायचा. तार कशी पिळायची, वायरीची घडी कशी करायची, साचा आधी डावीकडून कसा सरकवायचा, हे त्याने तिला शिकवलं आणि तिने ते झटकन उचललं. मुंगीने लावलेला खोका आताच कारखान्यातून आलाय असं वाटायचं. दुकानात तो सगळ्यांना दाखवत फिरायचा. "आमच्या मुंगीने लावलाय." आपलं आणि पोरीचं जमायला लागलं, असं त्याने मनात पक्कं धरलं होतं.

नाताळ तोंडावर आला. ताईचा फोन आला. "काय घेतोयस पोरीला? तुला काय अवघड म्हणा, तू त्यातलाच." तिथेच तर घोडं अडलं होतं. दुसऱ्या कुणाची चूक झाली तर पोर हिरमुसेल आणि खोका काउंटरवर येईल, संपलं. याची चूक झाली तर पोर हिरमुसणारही नाही. ती 'थँक्यू काका' म्हणेल आणि वस्तू जागच्या जागी ठेवून देईल. याच भीतीने त्याची झोप उडाली होती. हा त्या घरातला त्याचा पहिला नाताळ होता आणि आपण या घरचे आहोत हे त्या दिवशी तिला कळावं, एवढीच त्याची इच्छा होती.

बायकोने अटी आधीच घातल्या होत्या. "एकच वस्तू. ढीग नको. दिवसभर पडद्याला डोळे लावून बसेल असं नको, मी चष्मे विकते, मला विचार. आणि खालचे आजोबा काठी घेऊन वर येतील असंही नको."

जेवणाच्या सुट्टीत तो शेल्फांमधून भटकू लागला. गणितं घालणारी पाटी घेतली आणि ठेवली. ही परत येते, बॅटरी संपायच्या आधी. विजेचे दिवे पेटवायचा संच? मुंगी एकदा नीट जोडेल आणि मग कधीच सुटा करणार नाही. तोल सांभाळायची वाकडी फळी? खालचे आजोबा. दुचाकी स्कूटर? तिच्यासाठी मोकळं अंगण लागतं. गाड्यांच्या विभागातली मुलगी त्याला बघून हसायला लागली. "तुम्हीच असे गोंधळलात तर आम्ही कुणाला विचारायचं?" तो कसनुसा हसला.

आणि मग त्याला कासव दिसलं.

हे कासव नमुना म्हणून घरी येऊन गेलं होतं. हिरवं, पोटाखाली चाकं, पाठीवर बाणांची बटणं. पुढे, पुढे, डावीकडे, पुढे, असा रस्ता आधी बटणं दाबून त्याला शिकवायचा आणि मग गोल बटण दाबायचं. शिकवल्याप्रमाणेच ते चालतं. चूक शिकवली तर चूक चालतं. त्या संध्याकाळी मुंगीने त्याला पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंतचा रस्ता शिकवला आणि ते वाटेत रिटर्नवाल्याच्या बुटात घुसून ढुशा देत बसलं. मुंगी खळखळून हसली. पुन्हा शिकवलं, आणि मग ते बरोबर पोचतंय का बघायला ती त्याच्या पुढे पुढे पळत सुटली, या खोलीतून त्या खोलीत, चक्क पळत. डोकंही चाललं आणि पायही. नमुना परत द्यायच्या दिवशी तिने न बोलता तारा पिळल्या होत्या. किती समजूतदार पोर, असं तेव्हा त्याला वाटलं होतं.

याहून खात्रीची वस्तू जगात कुठली? आवडते की नाही हे आधीच बघून झालेलं. त्याने नवंकोरं कासव घेतलं, वर चकचकीत कागद लावून घेतला, आणि त्या रात्री त्याला गाढ झोप लागली.

नाताळच्या सकाळी मुंगीने कागद फाडला नाही, चिकटपट्टी नखाने सोडवून घडी घातली. खोका दिसला तशी ती थांबली. चेहऱ्यावर आनंद नाही, दुःखही नाही. रस्त्यात ओळखीचं कुणी भेटल्यावर माणूस हसतो तेवढंच हसली. "अच्छा, हे," ती म्हणाली. "थँक्यू काका."

रिटर्नवाल्याने स्वतःची समजूत घातली, खेळेल हळूहळू. ती खेळलीही. कासवाला तिने पलंगापासून खिडकीपर्यंत नेलं आणि आणलं. धावली नाही. जेवणं झाली, बायको भांडी घासायला उभी राहिली, हा पेपर घेऊन जरा आडवा झाला. उठून पाणी प्यायला निघाला तर दारापाशी, त्याच्या बुटांना लागून, खोका ठेवलेला. बंद. तारा पिळलेल्या, साचा डावीकडून सरकवलेला, आताच कारखान्यातून आल्यासारखा.

"मुंगे, हे इथे का ठेवलंस?"

"उद्या तुम्ही दुकानात जाल ना. विसरायला नको."

"अगं, हे न्यायचं नाहीये. हे तुझं आहे."

"हो," ती म्हणाली. मोठ्या माणसांना दुखवू नये म्हणून मुलं म्हणतात तसं. "पण नंतर न्यायचं असेल ना."

"नंतरही नाही. मागचं दुकानाचं होतं. हे मी तुझ्यासाठी घेतलंय. वेगळं आहे हे."

"दिसतं तर तेच."

दिसत होतंच. रिटर्नवाल्याला तोंडात मारल्यासारखं झालं. अख्ख्या दुकानात हजार वस्तू होत्या आणि त्याने नेमकी तीच निवडली होती, जी एकदा घरी आणून पोरीच्या हातून परत नेली होती. आपल्याबरोबर जे जे या घरात आलं ते ते खोक्यात भरून गेलं, आणि खोका कसा भरायचा हेही आपणच तिला शिकवलं. तो खाली बसला. बुटांशेजारीच बसला.

मुंगीला वाटलं, आपण काही चुकीचं बोललो. तिने विषय बदलला. भिंतीला लावलेल्या त्याच्या सामानाकडे बघत तिने विचारलं, "काका, तुम्ही परत कधी जाणार?"

स्वयंपाकघरात नळ बंद झाला.

"मी? मी कुठे जाणार?"

"तुम्ही टेपसुद्धा काढली नाहीये ना," मुंगी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, ती फक्त जे दिसत होतं ते सांगत होती. "जा असं नाही म्हणत मी. फक्त आधी कळलं की बरं असतं. बाबांनी नव्हतं सांगितलं."

इतके महिने पोर त्या खोक्यांना वळसा घालून शाळेत जात होती, येत होती, रोज टेप बघत होती, आणि हा शहाणा भिडस्तपणाच्या नावाखाली खुशाल बसला होता. परत आलेल्या मालाकडे बघून लोकांच्या घरात काय बिनसलं ते सांगणारा माणूस, आणि स्वतःच्या घराच्या बोळात काय पडलंय ते त्याला दिसलं नव्हतं.

बायको ओले हात घेऊन दारात आली होती. तिने ड्रॉवरमधली कात्री आणून त्याच्या शेजारी ठेवली.

"मुंगे," तो म्हणाला, "आमच्या दुकानाचा नियम सांग बघू. खोका नसेल तर?"

"तर माल परत घेत नाहीत."

"मी घेतो का?"

"तुम्ही तर मुळीच घेत नाही. आई म्हणते, तुम्ही एका आजीबाईंचासुद्धा घेतला नव्हता."

त्याने कासव बाहेर काढून तिच्या हातात दिलं आणि कात्री खोक्याला लावली. तुम्हाला यात विशेष वाटणार नाही. पण ज्याने उभा जन्म खोक्याचा एक कोपरा दुमडला तरी हळहळ केली, त्याने पहिल्या घावाआधी कात्री दोनदा मागे घेतली. पुठ्ठा वाकडातिकडा कापला गेला. समोरून एक कमान, मागून एक कमान. मुंगी कासव छातीशी धरून बघत होती.

"हा बोगदा," तो म्हणाला. "आता शिकव त्याला आतून जायला."

मुंगीने कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. नियमाची खात्री करून घेतल्याशिवाय ती पुढे जाणाऱ्यातली नव्हती. "आता हे कुणीच परत घेणार नाही?"

"कुणीच नाही. मी काउंटरवर असेपर्यंत तर नाहीच."

तिने मान भिंतीकडच्या खोक्यांकडे वळवली. "आणि ते?"

पहिल्या खोक्याची टेप तिनेच कापली. त्यातून एक टेबलावरचा दिवा निघाला, बल्ब नसलेला. मग इस्त्री, कान तुटलेला चहाचा मग, अलार्मचं घड्याळ, आणि एका थैलीत जोड नसलेले मोजे. "हे कशाला आणले?" मुंगीने विचारलं. "सापडेल जोड कधीतरी," तो म्हणाला. "नाही सापडणार," ती म्हणाली आणि थैली कचऱ्यात टाकली. इतक्या ठामपणे ती त्याच्याशी आजवर बोलली नव्हती. मग हुकूम सुटू लागले. दिवा माझ्या टेबलावर. घड्याळ नको, आपल्याकडे आहे. स्वेटर आईच्या कपाटात, खालच्या खणात जागा आहे. "कुठे आहे जागा?" आई म्हणाली. पण म्हणता म्हणता तिने आपल्या साड्या एका बाजूला सरकवल्या.

रिकामे खोके बोळात जमत गेले तसा कासवाचा रस्ता लांबत गेला. बोगद्यातून बाहेर, डावीकडे, इस्त्रीच्या खोक्याला वळसा, सरळ दिव्याच्या खोक्यातून आरपार. मुंगी बटणं दाबायची आणि शेवटच्या टोकाला जाऊन पोटावर पडून वाट बघायची. कासव हमखास कुठेतरी अडायचं. "काका, तुमचा पाय काढा ना मधून," ती ओरडली. ओरडली. रिटर्नवाल्याने घाईघाईने पाय काढला आणि बायकोकडे बघितलं. बायको कपाटात तोंड घालून उभी होती आणि तिचे खांदे हलत होते, हसण्याने की कशाने कोण जाणे.

संध्याकाळपर्यंत एकच खोका उरला. त्यातली पुस्तकं फळीवर लागली आणि तोही रिकामा झाला. चांगला जाड, कोपरे शाबूत, ठेवण्यासारखा होता. सवयीने रिटर्नवाल्याने त्याची घडी केली आणि कपाटावर टाकायला उचलला.

मुंगीने तो त्याच्या हातातून घेतला.

"राहू दे. आता नाही लागणार," ती म्हणाली. मग तिने तो बोळात जमिनीवर पसरला, दोन पावलं मागे गेली आणि दोन्ही पायांनी त्याच्यावर जोरात उडी मारली.

खालून काठीचा आवाज आला. मुंगीने काकाकडे बघितलं, काकाने मुंगीकडे. मग तिने आणखी एक उडी मारली.